सात नंबरचा होल्डर

१२ जानेवारी

घुबडा,

वर 'प्रिय' लिहावं की नाही यात पंधरा मिनिटं गेली, म्हणून तो शब्दच गाळला. अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखं आपल्यात आता उरलंय तरी कोण? मामा ठणठणीत आहे. तुझा पत्ता त्याच्याकडूनच घेतला. "कशाला हवाय?" म्हणाला. म्हटलं, काम आहे.

काम असं. मालकाने घर पाडायला काढलं आणि डिसेंबरअखेर मी किल्ली देऊन टाकली. आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. खोल्या चांगल्या आहेत, उजेड भरपूर, आणि तीच तर पंचाईत. न्हाणीघराला वर काचेची झडप आहे, ती झाकली की माझा जीव गुदमरतो. शिवाय मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ती फोटो धुण्याची औषधंबिषधं आमच्या मोरीत ओतायची नाहीत हं." बाबांचं दगडी सिंक भंगारवाल्यानेही नेलं नाही, तिथेच राहिलं. थोडक्यात, डार्करूम संपली.

मोठा कॅमेरा मात्र दिला नाही. "एवढं धूड कशाला ठेवता, फोनमध्ये होतं की सगळं," असं सांगणारे पाच-सहा शहाणे भेटले. त्यांना हो म्हटलं आणि कॅमेरा खाटेखाली सरकवला.

तर आता एकेक सुटी फिल्म होल्डरमध्ये भरायची म्हणजे उजेड न शिरणारी काळी पिशवी. दोन बाह्यांतून हात आत घालायचे आणि चाचपडायचं. दहा मिनिटांत हातांना घाम येतो, फिल्म बोटांना चिकटते, पिशवीचं कापड वरून अंगावर बसतं. तीन फिल्मा वाया घालवल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील. पण बाबांची दोन मुलं एकाच डार्करूममध्ये वाढली तरी अंधारात हात चालायचे ते तुझेच, म्हणून तर ते तुला घुबड म्हणायचे. बाहेरगावच्या स्टुडिओत दोन वर्षं तू पिशवीवरच काम केलंस ना? घामाचं काय करायचास? एवढंच विचारायचं होतं.

डार्करूमचं दार काढायला सुतार आला होता. बिजागरी सुटेना म्हणून त्याने दारावर हातोडीचे तीन ठोके घातले, आणि मी स्वयंपाकघरातून अशी ओरडले की तो बिचारा हातोडी खाली ठेवून उभा राहिला. वय झालं, दचकायला होतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई


२ फेब्रुवारी

घुबडा,

कार्ड मिळालं. "हात थंड पाण्याने धू, कोरडे पूस. पावडर नको, फिल्मवर बसते. पिशवीत आधी पुठ्ठ्याचं खोकं ठेव, कापड अंगावर येणार नाही." वर नाव नाही, खाली सही नाही. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा याहून प्रेमळ असते.

पण जमलं. चपलांचं खोकं ठेवलं आणि पहिल्याच फटक्यात दोन होल्डर भरून झाले. मध्येच शेजारीण आली. इथली बेल बंद आहे, दारावरच वाजवावं लागतं. मी कोपरापर्यंत पिशवीत अडकलेली. म्हटलं, ढकला, उघडंच आहे. ती आत आली, माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरली आणि हळूच म्हणाली, "मांजर आहे का आत?"

मग मालकाला विचारून शेवटचं एकदा जुन्या घरी जाऊन आले. तीन फोटो काढले. स्वयंपाकघर, आईची खोली, आणि दार नसलेली डार्करूम. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर डार्करूम उलटी दिसत होती, सिंक छताला टांगल्यासारखं. काळ्या कापडाखाली बराच वेळ नुसती बघत बसले.

धुण्यासाठी आता लॅब. शिंप्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. एवढ्या मोठ्या फिल्मा धुणारा तो एकटाच उरलाय. चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं कमी. मी होल्डरच त्याच्या हवाली केले, म्हटलं फिल्मा तूच बाहेर काढ, माझ्या पिशवीची आणखी परीक्षा नको. आयुष्यात पहिल्यांदा माझी फिल्म परक्या हातात दिली. लेकरू पाळणाघरात सोडल्यासारखं वाटलं.

नऊ नंबरचा होल्डर आणि सात नंबरचा, दोन्ही बाजूंना एकेक फिल्म. सात नंबर कोणता ते तुला सांगायला नको. त्याच्या एका बाजूला आई गेली तेव्हापासून एक कोरी फिल्म पडून आहे. दुसरी बाजू रिकामी होती, तेवढीच भरली. त्या जुन्या फिल्मवर फोटो काढायला माझा हात धजला नाही. ती तशीच लॅबमध्ये गेली.

मी उकरून काढणार नव्हते. पण मामा म्हणाला, तू अजून तेच सांगतोस. आई गेली त्या दुपारी तू तीनपासून तिच्याजवळ होतास, मी सांगितल्याप्रमाणे तिचा फोटो काढलास, तिला धाप लागली तेव्हा डार्करूमचं दार वाजवलंस आणि मग डॉक्टरला आणायला पळालास. घुबडा, मी बाहेर आले तेव्हा आई एकटी होती आणि गेलेली होती. तू नंतर आलास, डॉक्टरला घेऊन, हे खरं. पण त्याआधी तू घरात होतास याला पुरावा काय? तुझी फिल्म मी स्वतः धुतली. मामासमोर, मामीसमोर उजेडाला धरली. नुसती कोरी, पलीकडची खिडकी आरपार दिसत होती. फोटो काढल्याचं सांगणं खोटं निघालं, मग बाकीचं का खरं मानू? चार महिने मी तिचं सगळं केलं आणि तू दोन दिवसांसाठी येऊन, बस म्हटलं तिथे बसलासुद्धा नाहीस.

आणि दार वाजलं नव्हतं. नळ चालू होता, पण वाजलं असतं तर ऐकलं असतं.

असो. पिशवीबद्दल आभार.

ताई


१९ फेब्रुवारी

घुबडा,

लॅबच्या जिन्यात बसलेय. कागद लॅबवाल्याचा, पेन त्याचंच. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

फोटो आहे.

तू काढला होतास. फोटो आहे, घुबडा. आई आहे त्यात.

भांडायला आले होते मी. काल त्याचा निरोप आला, "बाई, चारांत एकच काढलेली होती, ती धुतली. तीन कोऱ्या होत्या, तशाच होल्डरमध्ये ठेवल्यात." माझा पारा चढला. माझे घराचे तीन फोटो म्हणे कोरे! वर आल्या आल्या त्याला फैलावर घेतलं. "काढलेल्या तीन तशाच ठेवल्यास आणि कोरी तेवढी धुतलीस? डोळे आहेत की बटणं?" त्याने दिव्याच्या काचेवर एक निगेटिव्ह ठेवली आणि म्हणाला, "ही कोरी?"

मी बघितलं. पहिल्यांदा खुर्ची ओळखली. वेताची, डाव्या हाताला दोरी गुंडाळलेली. मग हात. मग चेहरा. मी त्याच्या टेबलाला धरलं. त्याने स्टूल आणून दिलं, पाणी दिलं. विचारलं, "कोण आहेत या?" आई हा शब्द तोंडातून निघेना. त्याला वाटलं असेल बाईला झटका आला.

अकरा वर्षं. खोक्यात. माझ्याच घरात.

हे पत्र असंच टाकतेय, वाचून बघणार नाही.


२० फेब्रुवारी

घुबडा,

कालचं पत्र मिळालं असेल किंवा नसेल. आज जरा शुद्धीवर आहे. झोप लागली नाही, पण हिशेब लागला.

लॅबवाल्याला मी विचारलं, बाबा रे, तू तीन सोडून नेमकी तीच का धुतलीस? त्याने होल्डर माझ्यापुढे धरला. होल्डरला दोन बाजू, प्रत्येक बाजूला फिल्म झाकणारी सरकती पट्टी, पट्टीच्या मुठीला एक अंग पांढरं आणि एक काळं. तुला हे शिकवायला नको, पण मला लिहून काढू दे. तो म्हणाला, "पांढरं बाहेर म्हणजे कोरी. फोटो काढला की पट्टी उलटी घालायची. काळं बाहेर म्हणजे काढलेली." मी म्हटलं, उलट! पांढरं म्हणजे उजेड बघितलेली, काळं म्हणजे अजून अंधारात असलेली. बाबांनी तेच शिकवलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "बाई, सगळीकडे मी म्हणतो तसंच चालतं. तुमच्या घरचा नियम वेगळा असेल."

आपल्या घरचा नियम! चाळीस वर्षं मला वाटत होतं की जगाचा आहे. डार्करूम घरात, फिल्म घरात, धुणार आम्हीच. दुसऱ्याला होल्डर द्यायची वेळ कधी आलीच नाही, मग कळणार कसं? घर गेलं नसतं तर मी मरेपर्यंत त्या विहिरीत बेडकासारखी बसले असते.

आणि तू दोन वर्षं बाहेरच्या स्टुडिओत काम करून आलेला. हाताला तिथली सवय लागलेली. तू होल्डर भरलास तो तिथल्या रीतीने, दोन्ही बाजूंना पांढरं बाहेर. आईचा फोटो काढलास आणि पट्टी उलटवलीस, त्या बाजूला काळं बाहेर आलं. होल्डर मला दिलास. मी बघितलं, एक पांढरी, एक काळी. बाबांच्या नियमाने पांढरी उचलली, धुतली. ती कोरीच होती. काळी म्हणजे न वापरलेली म्हणून होल्डर खोक्यात फेकला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही अकरा वर्षांचा. तुलाही तेव्हा सुचलं नाही. कसं सुचेल? मी कोरी फिल्म तुझ्या नाकासमोर नाचवत होते, तुझा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून.

लॅबवाल्याने काल त्याच निगेटिव्हची तेवढ्याच आकाराची एक प्रत काढून दिली. समोर ठेवून लिहितेय. फिल्म जुनी, कडा धुरकटल्यात, पण मधलं सगळं आहे. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं कमी. आई खुर्चीत. खांद्यावर कॅमेऱ्याचं काळं कापड, शालीसारखं गुंडाळलेलं. थंडी वाजते म्हणाली असणार, नेहमी म्हणायची. मग तू फोकस कशाखाली केलास, हा प्रश्न मला पडला आणि उत्तर कपाटाच्या आरशात सापडलं. मागच्या आरशात तू आहेस. डोक्यावर आईची फुलाफुलांची रजई, तिच्यातून एक हात बाहेर, हातात बटणाची केबल. रजई पांघरलेलं घुबड.

आणि आई हसतेय. दोन सेकंदांचा फोटो असेल, तोंड जरा हललंय, पण हसतेय, दात दिसताहेत. चार महिने मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. एकदाही हसली नाही. कधी नव्हे ते तुझ्या रजईला हसली. मला राग यायला हवा होता, सवयीने थोडा आलाही. मग मी इतकी रडले की मांजरवाली शेजारीण आली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरीच झाली नव्हती.

दाराचं म्हणशील तर वाजलं असेल. आता मी नाही म्हणत नाही. दोनदा वाजलं असेल आणि मला वाटलं असेल की चहाला बोलावतोयस. तसंच झालं असेल.

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय घुबडा,

सोबत पुठ्ठ्यात घालून निगेटिव्ह पाठवतेय. पुठ्ठा वाकवू नकोस, उघडताना कडेला धर. हे मी कोणाला सांगतेय! फोटो तुझा आहे, निगेटिव्हही तुझ्याकडे हवी. माझ्याकडे प्रत आहे.

परवा मामाकडे गेले. ज्या खोलीत तेव्हा ती कोरी फिल्म धरली होती तिथेच, त्याच खिडकीपाशी उभी राहिले आणि मामा-मामी दोघांना हाक मारली. प्रत दाखवली. पांढरं-काळं समजावून सांगितलं. मामीला कळलं नाही, पण ती तोंडाला पदर लावून बघत राहिली. मामाने आरशातल्या रजईवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मग आपण त्याला घालवलं कशाला?" 'आपण' म्हणाला, बिचारा. मी म्हटलं, "आपण नाही मामा. मी."

एवढं झाल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी येऊन हे लिहायला बसले, चार कागद फाडले, पाचव्यावर आता लिहून टाकते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की दोनदा वाजलं असेल. ते खोटं आहे.

आपल्या डार्करूमच्या दाराचे ठोके तुला आठवत असतील. एक म्हणजे कोणी आलंय. दोन म्हणजे चहा-जेवण. तीन म्हणजे हातातलं टाकून बाहेर ये. बाबा म्हणायचे, "तीन वाजले की फिल्म गेली खड्ड्यात, दार उघडायचं." आपल्या लहानपणी ते दोनदाच वाजले असतील, एकदा तू जिन्यावरून पडलास तेव्हा, एकदा बाबांची आई गेली तेव्हा.

तू तीन वाजवलेस. थांबलास. परत तीन वाजवलेस. मी ऐकले. नळ बंद होता, घुबडा.

मिट्ट काळोख होता, फिल्म डेव्हलपरच्या ट्रेमध्ये होती, चार मिनिटं उरली होती आणि मी मोजत होते. कसली फिल्म होती माहीत आहे? पाण्याच्या पंपांच्या कॅटलॉगची. ते पंप आता कोणी विकतही नसेल. फिल्मसाठी थांबले असते तरी एक वेळ समजलं असतं. पण मनात काय आलं ते शब्दन् शब्द आठवतंय. मला वाटलं, आईला उठवून बसवायचं असेल, याला एकट्याला झेपत नाहीये. चार महिने मी करतेय, आज एक दिवस याला करू दे. तुझी जिरवायची होती मला. मी मोजत राहिले, एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस. तुझी पावलं जिन्यावरून खाली धावत गेलेली ऐकली, तरी मोजत राहिले. मग फिल्म दुसऱ्या ट्रेमध्ये घातली, मग तिसऱ्या. हात पुसून बाहेर आले तेव्हा वीस मिनिटं झाली होती. आईच्या खांद्यावर काळं कापड तसंच होतं. ते मीच काढून घडी घातली, आणि ते तिथे कुठून आलं हा प्रश्न स्वतःला पडू दिला नाही.

डॉक्टर म्हणाला होता, लवकर आलो असतो तरी फरक पडला नसता. मी ते धरून ठेवलंय. पण ती एकटी गेली. तू पळालास म्हणून नाही, मी आले नाही म्हणून.

आणि सगळ्यांत वाईट आता ऐक. आठवड्याने तुझी फिल्म धुतली आणि ती कोरी निघाली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. तू खोटा ठरलास की दारही वाजलं नव्हतं असं ठरत होतं. म्हणून तर मी ती सगळ्यांसमोर धरली. पांढऱ्या-काळ्याची चूक बाबांची, स्टुडिओची, कोणाचीही म्हणता येईल. ही चूक माझी एकटीची आहे, आणि आजवर ती कोणाला ठाऊक नव्हती. आता तुला ठाऊक आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायला तोंड लागतं. तू कार्डावर शिव्या लिहून पाठवल्यास तरी मी जपून ठेवीन, अक्षर तर तुझं असेल.

तीन फोटो अजून धुवायचे आहेत. लॅबवाला म्हणाला, "या वेळी तुम्ही सांगाल त्याच धुतो बाई." मी म्हटलं, थांब थोडे दिवस. त्यात आईची खोली आहे, खुर्ची होती ती जागा आहे. एकटीने बघवणार नाही.

पत्ता पाकिटामागे आहे. तिसरा मजला, डावीकडचं दार. बेल अजून बंदच आहे, दारावर वाजवावं लागतं. घरात आता डार्करूम नाही, त्यामुळे कशासाठी थांबायचं कारण नाही. तीनदा वाजवू नकोस. एकदा वाजवलंस तरी उघडेन.

तुझी,
ताई